वायसर

अर्वीद, इथले खडे शिंपल्याचे आहेत.
पांढरे शिंपल्याचे, काळे कसल्याशा दगडाचे,
उचलले की आधी गार, मग आपल्याइतकेच कोमट.
पहिल्या डावात बोटं अडखळली.
चौदा वर्षं डेपोतल्या वायसरांनी खेळलेली बोटं ती:
तुझे पितळी, माझे लोखंडी.

पट तू रद्द झालेल्या वेळापत्रकामागे आखला होतास.
एकोणीस उभ्या, एकोणीस आडव्या,
त्यातली एक जरा ढळलेली, डावीकडून सातवी.
खरं सांगू? इथे सातवी रेघ सरळ बघून
मला तीच चुकलेली वाटली.

मात्सुयामात ट्राम आहेत.
तू म्हणालास, परक्या गावात आधी रूळ शोध, माणसं नंतर.
रूळ सापडले. नारिंगी डबा, लाकडी फरशी.
चढताना कुणी काही विचारत नाही,
उतरताना ज्याने त्याने पेटीत नाणी टाकायची.
आणि टाकतात रे!
बावीस वर्षं दौगवपिल्सची तिकिटं तपासलेली मी
हात कुठे ठेवावेत ते न सुचून
पर्स छातीशी धरून बसले.
गाडी किल्ल्याभोवती गोल फिरते,
हे दुसऱ्या प्रदक्षिणेत कळलं.
पोचले तेव्हा माझं घड्याळ माझ्याशिवाय वीस मिनिटं चाललं होतं.

चार डाव. तीन हरले.
जिंकले तो एका नऊ वर्षांच्या मुलाशी.
त्याला उचकी लागली होती,
प्रत्येक उचकीला तो वाकून माफी मागायचा
आणि मीही वाकायची, का कोण जाणे.
असं जिंकणं धरायचं का, ते तू ठरव.

शेवटचा डाव ओकुमुराबाईंशी.
वय एक्याऐंशी, नखांत संत्र्याची साल.
त्यांनी माझा कोपरा मारला तेव्हा
तोंडातून तो शब्द निसटला,
सांधा गोठला की तू वापरतोस तो.
त्या छान हसल्या. त्यांना वाटलं, दाद दिली.

अर्ध्या घराने गेला.
पांढऱ्याला साडेसहा घरं आधीच लिहून दिलेली असतात,
मागून खेळावं लागतं म्हणून;
त्यातलं ते अर्धं. पटावर शोधून सापडत नाही.

पण मोजायच्या आधी, अर्वीद,
सीमेवरच्या त्या मोकळ्या जागा, कुणाच्याच नसलेल्या,
आपण तशाच सोडायचो ना, चहा निवतो म्हणून,
इथे त्या भरतात.
एक त्या, एक मी. एक त्या, एक मी.
मिळत काही नाही. जात काही नाही.
अख्ख्या प्रवासात तेवढाच वेळ
मी पाहुणी नव्हते.

परतताना ओतेमाचीपाशी ट्राम थांबली.
थांबा नव्हता. फाटक पडलं होतं.
तिथे ट्रामच्या रुळांना आगगाडीचे रूळ काटकोनात कापतात,
पूल नाही, बोगदा नाही, सपाट जमिनीवर.
(खडा चौकटीत नाही, छेदावर ठेवायचा,
किती महिने ओरडत होतास माझ्यावर!)
मोटारींच्या रांगेत आमची ट्रामही मुकाट उभी.
आगगाडी गेली. खिडकीत एक शाळकरी पोरगी,
काचेला गाल चिकटवून झोपलेली.
मग चालकाने पांढऱ्या हातमोज्याचं बोट पुढे रोखलं,
कुणालाच न उद्देशून मोठ्याने काहीतरी म्हटलं,
आणि आम्ही छेदावरून गेलो,
टडक् टडक्, टडक् टडक्,
दाढांपर्यंत.

संत्री पिशवीभर मिळाली आहेत.
विमानात नेऊ देतील की नाही, बघू. इथेच संपवीन.
आणि हो, मोजशील तेव्हा आरडाओरडा नको,
लोखंडी वायसर एक कमी आहे.
खिशात होता, तो ओकुमुराबाईंना दिला.
त्यांनी तो नाकाशी नेला, वंगणाचा वास घेतला,
मग रिकाम्या पटावर ठेवून
बोटाने हळूच सरकवत नेला
भोकात रेघेवरची रेघ दिसेपर्यंत.